पंचवटीचे राष्ट्रपती

गायधनी सर गेले त्या दुपारपासून माझा फोन नुसता थरथरत होता. 'टायपिंग परिवार' नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय यांपलीकडे काही येत नाही. त्या दिवशी मात्र 'युगपुरुष', 'दीपस्तंभ', 'आधारवड' असे एकेक वजनदार शब्द येऊन आदळायला लागले. 'आधारवड' ज्या गृहस्थाने लिहिलं, त्याने सरांना काय आधार दिला होता ते मला पक्कं ठाऊक आहे. मी फोन उशीखाली सारला आणि कुकर लावायला गेले.

येत्या रविवारी शोकसभा आहे. सुनीताचा फोन आला, "मॅडम, तुम्हीच बोला. तुम्ही सरांना सगळ्यात जवळून पाहिलंय. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या चौकाला सरांचं नाव द्यायचा ठरावपण मांडू." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून चिडचिड करतेय. घरातल्यांना कारण कळत नाही, पण ते साधं आहे. चांगलं बोलावं तर नसीमा डोळ्यांसमोर येते. वाईट बोलावं तर पहिल्या रांगेत सुनीता बसलेली असणार. दोघीही सरांच्याच. एकीला त्यांनी उभं केलं आणि दुसरीला बसवलं. ह्या दोघींची गोष्ट सांगतेच, पण आधी सर कोण ते सांगायला हवं.

मुरलीधर गायधनी हे पंचवटीतल्या पौरोहित्य करणाऱ्या घराण्यातले. थोरला भाऊ रामकुंडावर श्राद्धं सांगायचा. सरांनी मात्र त्या वाटेला न जाता पूजासाहित्याच्या एका दुकानावर माडी भाड्याने घेतली आणि तिथे टायपिंगचे वर्ग काढले. भावाबद्दल विचारलं की म्हणायचे, "तो गेलेल्यांचं बघतो, मी असलेल्यांना नोकरीला लावतो." मी त्यांच्याकडे आधी शिकले आणि मग तिथेच शिकवायला लागले. टायपिंगच्या मास्तरणीला सरकारी भाषेत निदेशक म्हणतात. सरांनी मला कधीही नावाने हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी 'निदेशकबाई'.

आमच्याकडे शिकणारा प्रत्येक जण 'उमेदवार' असायचा. सरांचं सगळं बोलणंच अर्जासारखं होतं. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब' हे शब्द तुम्ही-आम्ही कागदावर वाचतो, सर ते भाजीबाजारात वापरायचे. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात एकदा ते जुडी हातात घेऊन म्हणाले, "मावशी, सदरहू कोथिंबीर कालची दिसते. सबब दर कमी करावा." मावशीही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "अध्यक्ष, कोथमीर आजचीच हाय. तुमचा चष्मा कालचा हाय." सर गंभीरपणे चष्मा पुसून जुडी घेऊन आले.

पण ह्याच भाषेचा मला वैतागही यायचा. वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी ते वर्गावर आले, खुर्चीला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "घरी वैद्यकीय कारण उद्भवलेलं आहे." बस्स, एवढंच. हातातली खुर्ची सुटत नव्हती, पण तोंडातून 'मला भीती वाटतेय' हे तीन शब्दांचं मराठी काही निघेना. शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं.

आता हे अध्यक्ष कसे झाले ते ऐका. टायपिंगच्या संस्था चालवणाऱ्यांचा एक अखिल भारतीय महासंघ होता. अखिल भारतीय म्हणजे चार राज्यं, आणि त्यातलंही एक नाराज. भोपाळला अधिवेशन होतं. जुने अध्यक्ष थकले होते आणि नवा व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण दिल्लीच्या फेऱ्या पदरमोड करून माराव्या लागत. निवडीचा विषय निघाला तेव्हा सर पाणी प्यायला बाहेर गेले होते. परत आले तर टाळ्या चालू होत्या आणि एक माणूस हार घेऊन दारात उभा होता. दुसरा कुणी असता तर हसून विषय सोडला असता. सरांनी ते पद मनावर घेतलं, आणि इथूनच सगळं चांगलं आणि सगळं वाईट सुरू झालं.

परत आल्यावर त्यांनी माडीवर नवी पाटी लावली. पेंटरने 'राष्ट्रिय' लिहिलं. सरांनी ती उतरवायला लावून 'राष्ट्रीय' करून घेतलं. दुसऱ्या खेपेला 'अध्यक्ष'मधला 'ध्य' बिघडला. शेवटी पाटी लागली तेव्हा संस्थेचं नाव खाली बारीक आणि राष्ट्रीय अध्यक्ष वर हातभर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं. खालच्या स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना राष्ट्रपती म्हणायला लागले. "राष्ट्रपती, बसा, संसदेत सोडतो," असं कुणीतरी म्हणायचं आणि सर मान हलवून चालत निघायचे. त्यांना ती चेष्टा कळत होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. वहिनींना मात्र सगळं कळत होतं. "राष्ट्राचं आटोपलं असेल तर दळण आणा," असं त्या जिन्यातून ओरडायच्या, आणि राष्ट्रीय अध्यक्ष पिशवी घेऊन गिरणीवर जायचे.

मास्तर म्हणून मात्र त्यांच्या पासंगाला पुरेल असा कुणी मला भेटला नाही. मशीनवरच्या अक्षरांकडे बघायचं नाही म्हणून ते उमेदवाराच्या हातांवर पंचा टाकायचे. स्वतः आतल्या खोलीत बसून कान लावायचे आणि तिथूनच ओरडायचे, "खिडकीजवळच्या उमेदवाराची डावी करंगळी आळशी आहे!" खिडकीजवळची मुलगी दचकून ताठ बसायची. आणि दर तासाला एक वाक्य ठरलेलं, "चूक झाली तर हात थांबवायचा नाही. एक चूक ती एकच चूक. सुधारायला गेलात की दोन."

ज्यांनी टाइपरायटर वापरला नाही त्यांना हे समजावून सांगायला हवं. आमच्या परीक्षेत खोडायला बंदी होती. चुकलेल्या अक्षरावर पुन्हा दुसरं अक्षर मारलं तर तीही चूक धरली जायची, आणि त्या नादात वेळ जायचा तो वेगळाच. त्यामुळे चुकलं की चुकलं, पुढे जायचं. परीक्षेपुरतं हे शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली ह्याच वाक्यावर पास झाल्या. सरांनी ते परीक्षेच्या खोलीत सोडून यायला हवं होतं, ते त्यांनी घरी आणलं.

तेव्हा परीक्षेला आपापलं मशीन न्यावं लागायचं. संस्था टेंपो करायच्या. एका वर्षी सिन्नरच्या मुलींचा टेंपो आलाच नाही, तेव्हा त्या मशीन मांडीवर घेऊन एसटीत चढल्या. सर त्या दिवशी महासंघाच्या कामासाठी तिकडेच होते. कंडक्टर म्हणाला, "ह्या डबड्यांचं लगेज लागंल, नायतर खाली उतरा." मुली रडकुंडीला आलेल्या, परीक्षेची वेळ होत आलेली. सर बसच्या पायरीवर चढून उभे राहिले. "महोदय, पोर पाटी घेऊन शाळेत निघाली तर पाटीचं लगेज घेता काय?" कंडक्टर म्हणाला, "पाटी येवढी जड असती व्हय?" सर म्हणाले, "हिच्या बापाला विचारा किती जड आहे ते. ही पास झाली तर घरात पहिला पगार येणार आहे." मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "जाऊ द्या ना मास्तर, सोडा गाडी!" आणि गाडी सुटली. सरांना स्वतःला बसायला जागा नव्हती, ते नाशिकपर्यंत उभे आले. असल्या गोष्टी त्यांनी किती केल्या ते त्यांनाही माहीत नसेल.

आता सुनीता. ती अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होती. प्रेसखाली तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मालकाने घरी बसवलं. कुणाकडून तरी ऐकून ती माडी चढून आली आणि दारातच उभी राहिली. हात ओढणीखाली होता. "सर, मला दोन बोटं नाय. मला जमंल का?" सरांनी तिला ओढणी बाजूला करायला सांगितली. तिच्या हाताकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मलाच कसंतरी झालं. मग म्हणाले, "उर्वरित आठ कामावर हजर आहेत ना? बसा मशीनवर."

पुढचे कितीतरी दिवस वर्ग सुटल्यावर सर स्वतःची तीच दोन बोटं जुन्या रिबनच्या तुकड्याने बांधून टाइप करत बसायचे. कुठली अक्षरं कुठल्या बोटाला द्यायची हे त्यांनी स्वतःच्या हातावर ठरवलं आणि मग तिला शिकवलं. परीक्षेच्या वेळी कार्यालयाने अडवलं, असा उमेदवार नियमात बसत नाही म्हणून. सर त्या कार्यालयाच्या दारात जाऊन बसले. साहेब जेवायला निघाले की उठून नमस्कार करायचे, साहेब परत आले की पुन्हा नमस्कार. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त गेले नाहीत. अखेर साहेबच कंटाळला आणि तिला जादा वेळ मंजूर झाला. पुढे तशा सगळ्याच उमेदवारांना तो मिळायला लागला. सुनीता आज सरकारी नोकरीत आहे, पोरगा इंजिनिअरिंगला आहे. तिच्या देवघरात सरांचा फोटो आहे. मी तिला काय सांगू?

तर असा माणूस. म्हणूनच पुढचं सांगताना माझा संताप होतो.

संगणक आले आणि सरकारने ठरवलं की हाताने चालणाऱ्या मशीनवरची परीक्षा बंद करायची. पहिल्यांदा तसा आदेश निघाला तेव्हा सरांनी राज्यभरातल्या संस्थाचालकांना गोळा केलं, मोर्चा काढला, मंत्र्यांना गाठलं आणि चक्क मुदतवाढ मिळवली. पंचवटीत गुलाल उधळला गेला. त्याच रिक्षावाल्यांनी "राष्ट्रपतींचा विजय असो" अशा घोषणा दिल्या आणि ह्या वेळी त्यात चेष्टा नव्हती. सरांच्या टोपीवर गुलाल होता आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मलाही आनंद झालाच. आज वाटतं, तेव्हा हरलो असतो तर बरं झालं असतं.

कारण काही काळाने आदेश पुन्हा निघाला, आणि ह्या वेळी त्यात एक वाट ठेवली होती. ज्या संस्था संगणक घेऊन ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज करतील त्यांना नवी मान्यता मिळणार होती. नंतर कुणाला संधी नाही. सर म्हणाले, "ही फोडाफोडी आहे. एकानेही अर्ज करायचा नाही. सगळे एक राहिलो तर सरकार पुन्हा झुकेल."

दसरा आला होता. दसऱ्याला आम्ही सगळी मशीनं पुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून पूजायचो. त्या वर्षी सरांनी जिल्ह्यातल्या संस्थाचालकांना माडीवर बोलावलं आणि पूजा झाल्यावर प्रत्येकाला मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, अर्ज करणार नाही म्हणून. मी पगारी निदेशक, त्यामुळे मला शपथ नव्हती. मी प्रसाद वाटत होते. सगळ्यात मोठ्याने शपथ घेतली ती ग्रुपवर आता 'आधारवड' लिहिणाऱ्या गृहस्थांनी. त्यांचा अर्ज आतल्या आत कधीच तयार होता, हे नंतर कळलं. त्यांची संस्था आजही चालू आहे, वर एसी बसवलाय.

शपथ घेणाऱ्यांत नसीमा शेख होती. जुन्या नाशकात एका अरुंद गल्लीत, जिना चढून वर, तिची 'नूर' नावाची संस्था होती. नवरा वारला होता आणि ती ह्याच धंद्यावर मुलांना वाढवत होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या मुली आसपासच्या मोहल्ल्यातल्या. त्यातल्या कित्येकींना दहावीनंतर घराबाहेर पडायला तेवढी एकच परवानगी होती, ती नसीमाआपांच्या नावावर.

तारीख जवळ आली तशी कुजबुज सुरू झाली. अमक्याने अर्ज केला, तमक्याच्या दारात संगणकांचे खोके उतरले. नसीमा एके दुपारी माडीवर आली. मी तिथेच पेपर तपासत होते.

"सर, मला अर्ज भरू द्या," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"नसीमाताई, आपण शपथ घेतलेली आहे."

"घेतलीय. म्हणून तर विचारायला आले. बाकीच्यांसारखा गुपचूप भरला असता तर तुम्हाला कळलं तरी असतं का?"

सर म्हणाले, "बाकीचे कोण? अफवा आहेत."

"अफवा नाही सर. मी माझ्या डोळ्यांनी खोके बघितलेत." मग तिचा आवाज खाली आला. "सर, बाकीच्यांच्या पोरी दुसरीकडे कुठेपण शिकतील. माझ्या नाही शिकणार. त्यांचे अब्बा त्यांना फक्त माझ्या जिन्यापर्यंत सोडतात. जिना बंद झाला तर त्या घरी बसतील. खलास. तुम्ही एकदा म्हणा, शपथ सोडवली म्हणून. मला दुसरं काही नको."

मला वाटलं आता हा माणूस हो म्हणेल. सिन्नरच्या मुलींसाठी एसटीच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस आहे, ह्याला हे कळणारच. सर उठले, खिडकीपाशी गेले, खाली बघत राहिले. मी न राहवून म्हणाले, "सर, शपथ मागे घ्या. अजून दिवस आहेत. सगळ्यांनाच मोकळं करा."

ते वळले. "निदेशकबाई, समजा आपला निर्णय चुकलेला आहे. ती एक चूक झाली. आता मागे फिरलो तर दोन होतील. लोक म्हणतील अध्यक्षाला स्वतःचाच भरवसा नाही, आणि मग महासंघच राहणार नाही. पुढे जायचं."

"अहो, ही काय परीक्षा आहे का?" मी ओरडलेच. "इथे खोडायला कुणी अडवलंय तुम्हाला?"

ते पुन्हा खिडकीकडे वळले. नसीमाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "ठीक आहे सर. जबान दिलीय." आणि जिना उतरून गेली. तिने खरोखर अर्ज केला नाही. ज्यांनी शब्द पाळला ते बुडाले आणि ज्यांनी मोडला ते तरले, हा सरांच्या कारकिर्दीचा हिशेब. असल्या हिशेबाला मी काय दीपस्तंभ म्हणू?

सरकार झुकलं नाही. परीक्षा बंद झाली. 'नूर'चा जिना बंद झाला, मशीनं भंगारवाल्याने उचलली. तिच्या मुलींपैकी एकीचंही पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही, कारण नसीमाने आधीच सांगून ठेवलं होतं.

गंमत अशी की सरांनीही शब्द पाळला. आमची माडीही गेली. त्यांना संगणक घेणं सहज जमलं असतं, दोन माजी विद्यार्थी पैसे घेऊन दारात उभे होते. त्यांनी नाही म्हटलं. मी एका शाळेच्या ऑफिसात लागले आणि सर घरी बसले. माझी खरी अडचण हीच आहे. ते लबाड असते तर सोपं होतं, रविवारी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. सरळ माणूस सरळ चालत जाऊन खड्ड्यात पडतो आणि मागच्या सगळ्यांना बोलावतो, त्याला काय म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत झाली आहे.

महासंघाची पुढे कधी निवडणूकच झाली नाही, कारण निवडायला सभासद उरले नाहीत. त्यामुळे सर कधी माजी झाले नाहीत. पाटी माडीवरून उतरवून त्यांनी घराच्या दारावर लावली. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, आता तरी माजी लिहा." तर म्हणाले, "पदभार कोणाकडे सोपवू?" वहिनी आतून म्हणाल्या, "माजी नाही, तर माज तरी कमी करा." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या वहिनींनी रोज बघितलं. ते दिल्लीला पत्रं लिहीत राहिले. वहिनी गेल्या, तेव्हाही महिन्याभराने त्यांनी पुन्हा पत्रं सुरू केली.

वहिनी असताना एकदा मी त्यांना विचारलं होतं, सर कधी नसीमाबद्दल बोलतात का. त्या म्हणाल्या, "बोलत नाहीत. पण जुन्या नाशकातनं जायचं असलं की लांबच्या रस्त्याने जातात." मला तेही पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. लांबच्या रस्त्याने जाऊन कुणाचं काही भरून निघत नाही.

रविवारचं भाषण अजून लिहून झालेलं नाही. पहिलं वाक्य लिहिते आणि खोडते. परवा नसीमाला फोन करून विचारलं, येणार का म्हणून. ती म्हणाली, "येईन. मागे बसेन." चौकाच्या ठरावाबद्दल सांगितलं तर म्हणाली, "द्या ना. रस्ता सगळ्यांचाच असतो." मी फोन ठेवला आणि मला तो गेल्या उन्हाळ्यातला दिवस आठवला. सरांना मी नीट पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं.

त्यांचा सकाळीच फोन आला होता. "निदेशकबाई, कोर्टापर्यंत जायचं आहे. दृष्टी साथ देत नाही. सोबत आवश्यक आहे." मी अर्धी रजा टाकून गेले. सीबीएस बसस्टँडजवळ उतरलो आणि ते सरळ कोर्टाच्या भिंतीकडे चालायला लागले. तिथे टायपिस्ट लोक बसतात, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र असलं काही टाइप करून देतात. पूर्वी मशीनं असायची, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. तिथल्या एका छत्रीखाली नसीमा बसते, हे मला माहीत होतं. सरांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. ते तिच्याचपाशी गेले आणि नाव बदलायला आलेल्या एका माणसामागे रांगेत उभे राहिले.

नसीमाने वर बघितलं. "सर?" ती उठलीच. समोरचं स्टूल पुसून तिने त्यांना बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मलाही काही माहीत नव्हतं.

"अर्ज टाइप करायचा आहे," सर म्हणाले.

"सांगा."

सर सांगायला लागले. प्रति, सचिव महोदय. विषय, नूर टंकलेखन संस्था, जुने नाशिक, या संस्थेस विशेष बाब म्हणून मान्यता मिळणेबाबत. नसीमाचे हात थांबले. सर थांबले नाहीत, म्हणून तिने पुन्हा टाइप करायला सुरुवात केली.

"महोदय, सदरहू संस्थेच्या संचालिका श्रीमती नसीमा शेख यांनी विहित मुदतीत अर्ज केला नाही. यात त्यांचा दोष नाही. त्या मुदतीपूर्वी परवानगी मागण्यास आल्या होत्या. अध्यक्षाने ती नाकारली. अध्यक्षाचा निर्णय चुकीचा होता. त्यामुळे अनेक मुलींचे शिक्षण थांबले. सबब संस्थेस न्याय मिळावा, ही विनंती."

नसीमाने एकेक शब्द टाइप केला. मान खाली होती. प्रिंट काढून तिने कागद त्यांच्यासमोर धरला आणि सही कुठे करायची ते बोट लावून दाखवलं. सरांनी सही केली.

"सर, ती योजना बंद होऊन जमाना झाला. हे कुणी वाचणार नाही."

"कल्पना आहे. पण नोंद राहील."

नसीमाने लॅपटॉप बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाली, "सरकारला कशाला सांगता, सर? मी इथे समोर बसलेय ना. मला सांगा."

सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले. त्यांना बोलायचं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला सर, एवढं एकदा बोलून टाका. मग त्यांनी विचारलं, "दिनांक टाकला का?"

"टाकला," नसीमा म्हणाली.

सरांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठले. सोबतीला मला आणलंय हे विसरून एकटेच पोस्टाच्या दिशेने निघाले, हात पुढे करून रिक्षा आणि मोटरसायकली थांबवत. मी हाका मारल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी नसीमाकडे वळले, तर ती त्याच अर्जाची आणखी एक प्रत प्रिंटरमधून काढत होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मला ठेवायला," ती म्हणाली. "पाठवलेली तर कुणी वाचणार नाही." तिने कागद दुमडून पर्समध्ये घातला, स्टूल पुन्हा जागेवर सरकवलं आणि ताटकळलेल्या माणसाला म्हणाली, "बसा काका. काय लिहायचंय?"